खाडीबाहेर थांबलेली नाव

बायको चांगुणा गेल्याचं हिराजी तांडेलला सकाळी अकराला इस्पितळात कळलं. दुपारी चारला तिच्या कादंबरीचं एकतिसावं प्रकरण वाचकांच्या फोनवर आलं.

ते तिने लिहिलं नव्हतं. तिच्या लेखछायेने लिहिलं होतं. चांगुणाची अकरा पुस्तकं, त्यांतली खाडाखोड, फोनवर बोलून उतरवलेला मजकूर, एवढ्यावरून तिच्यासारखं लिहायला आणि बोलायला शिकलेलं हे यंत्र प्रकाशकाने बनवलं होतं. आजारपणात ती थकली की छाया लिहायची आणि ती दुरुस्त करायची.

सगळी पुस्तकं श्वेतद्वीपाची होती. पुराणातलं बेट. तिथल्या माणसांना भूक लागत नाही, त्यांची पापणी लवत नाही. चांगुणाने तिथे एक कोळीण नेऊन सोडली होती, केसर. बाराव्या, शेवटच्या पुस्तकात केसर घरी परतत होती.

नवव्या दिवशी प्रकाशकाकडून ऋजुता सामंत आली. करारात चांगुणाने एक अट घालून घेतली होती. आपल्यामागे छाया ठेवायची की पुसायची, हे दहाव्याच्या आत नवरा ठरवेल.

"काका, दोनच प्रकरणं उरलीत," ऋजुता म्हणाली. "लोक वाट बघतायत."

"एकतिसावं वाचलंस?"

"तीनदा. रडले मी."

"रडलीस, पण नाव रुतली ते दिसलं नाही तुला."

"कुठे रुतली?"

"अमावास्या आहे, सूर्य मावळतोय, आणि केसर नाव खाडीत घालते. अमावास्येला भरती दुपारी बाराची. मावळतीला खाडीच्या तोंडाशी गुडघाभरही पाणी नसतं. कोळ्याचं शेंबडं पोरसुद्धा असं करणार नाही."

"पण आधीच्या पुस्तकांत अशी चूक कधी झाली नाही."

"कशी होईल? भाकरी थापता थापता विचारायची ती मला. ते तुमच्या कागदावर कुठे आलंय?"

ऋजुता सावरून बसली. "मग तुम्हीच सांगा ना. छाया तुमच्याकडूनही शिकेल." तिने टॅबलेट चालू करून पुढे ठेवला.

"अहो," चांगुणाचा आवाज आला, "अष्टमीला भरती कधी हो?"

"सहाच्या सुमाराला." हिराजीच्या तोंडून निघूनच गेलं.

"म्हणजे सप्तमीला त्याआधी."

"हां. पाऊण तास आधी."

नऊ दिवसांत त्याला कोणी 'अहो' म्हटलं नव्हतं. ऋजुताने टॅबलेट आणखी जवळ सरकवला.

"केसर घरी आल्यावर काय करणार?" त्याने छायेला विचारलं.

"सगळ्यांना भेटून बेटावर परत जाणार. तिथे कोणी मरत नाही. वाचकांना ती हवी आहे."

"मला वेगळं सांगितलं होतंस. घरी येऊन पोटभर जेवेल आणि डोळे मिटेल, असं म्हणाली होतीस."

"तसं कुठेच लिहिलेलं नाही."

"नाही. म्हणाली होतीस." हिराजी ऋजुताकडे वळला. "पुसून टाक."

"काका, आवाजही जाईल. परत आणता येणार नाही."

"माझी बायको मेलीय, पोरी. तिला मरू दे. डोळे सताड उघडे ठेवून तुमच्या बेटावर बसवू नका."

"मग शेवट कोण लिहिणार? तुम्ही?"

"मला साधा अर्ज लिहायला तीन कागद लागतात."

"मग अर्धवट ठेवणार बाईंचं पुस्तक?"

"ठेवणार. लोकांना सांग, तांडेल म्हातारा अडेल आहे."

"तेच सांगावं लागेल," ती म्हणाली. तिने पुसण्याची खूण उघडून टॅबलेट त्याच्याकडे वळवला. हिराजीने अंगठा ठेवला, आणि टॅबलेटमधून पुन्हा काही ऐकू येण्याआधी दाबला.

संध्याकाळी एकतिसावं प्रकरण वाचकांच्या फोनवरून पुसलं गेलं. चांगुणाच्या हातचं तिसावं आता शेवटचं. त्यात केसर खाडीबाहेर नांगर टाकून भरतीची वाट बघते आहे. तिला आत आणायचं राहिलं आहे.