शनिवारचा प्रोग्रॅम

"पोरानं घात केला, क्रांतीताई. पुरावा द्या, लगेच पोलिसांत जातो."

खासगी तपास करणाऱ्या क्रांतीच्या ऑफिसात अण्णासो मगदूम खुर्चीत बसायच्या आधीच बोलले. कसबा बावड्यात त्यांची छोटी सॉफ्टवेअर कंपनी होती. कागलच्या एका फौंड्रीत भट्टीचं तापमान त्यांचा प्रोग्रॅम सांभाळायचा. दोन हजार तीन सालच्या त्या सोमवारी तो अचानक बंद पडला, धातू उसळला आणि ज्ञानू नावाच्या कामगाराचा हात भाजला.

संशय प्रसेनजीत कांबळेवर. प्रोग्रॅम त्यानं लिहिलेला. इंटरनेटवरची फुकटची लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला आयता कोड, तीही त्यानंच वापरलेली. शुक्रवारी त्याचं अण्णासोंशी वाजलं, शनिवारपासून तो रजेवर. सोमवारी त्याला कामावरून काढलं.

क्रांतीचे सहकारी उदयसिंह, निवृत्त हवालदार. ते तडक गडमुडशिंगीला गेले आणि प्रसेनजीतला दारातच धरलं.

"काय घातलंस रं त्यात? बोल की!"

आवाज गल्लीभर गेला. आई उंबऱ्यात उभी होती. प्रसेनजीतनं फक्त एक सीडी पुढं केली. "गुरुवारचा प्रोग्रॅम आन् सगळा कोड हाय यात. तपासा."

क्रांतीनं तो अण्णासोंच्या ऑफिसात तपासला. गुरुवारचा प्रोग्रॅम दुपारभर बिनतक्रार चालला. ऑफिसातला कोड जवळजवळ तोच होता; फरक एका ओळीचा.

"ही कुणी बदलली?"

"मी," तिथली प्रोग्रॅमर निशा म्हणाली. "फौंड्रीचं नाव मोठ्या अक्षरांत हवं होतं. शनिवारी बदललं आन् प्रोग्रॅम पुन्हा तयार केला. सोमवारी तोच फौंड्रीत बसवला."

शनिवारचा प्रोग्रॅम दहा मिनिटांत पडला.

क्रांतीनं लायब्ररीच्या फाइलची तारीख पाहिली. गेल्या दिवाळीची. मग कपाटावर ठेवलेला कंपायलरचा नवाकोरा खोका पाहिला. प्लास्टिक नुकतंच फाडलेलं.

"अण्णासो, शुक्रवारी भांडण कशावरून झालं?"

"कामावरनं की!" ते खिडकीकडं बघत म्हणाले.

उदयसिंह गोंधळले. "अक्षरं मोठी केल्यावर प्रोग्रॅम पडतोय व्हय?"

"नाही काका. कोड तोच, यंत्र तेच. बदललं ते कोडचा प्रोग्रॅम करणारं साधन, कंपायलर. गुरुवारी कंपायलर जुना होता, शनिवारी नवा. लायब्ररी मात्र जुन्यानंच तयार केलेली. दोघांची मेमरी हाताळायची रीत वेगळी. एकानं घेतलेली जागा दुसरा सोडायला गेला की प्रोग्रॅम कोसळतो. लायब्ररी नव्या कंपायलरनं पुन्हा तयार करायला हवी होती. प्रसेनजीत शुक्रवारी हेच सांगत होता. होय ना?"

अण्णासोंची मान खाली गेली. "सगळं तपासून घ्यायला पंधरा दिवस थांबा म्हणत हुता. मला घाई. मीच निशाला नवा घालायला लावला."

निशा रडू लागली. "त्यो काय सांगत हुता ते मला म्हाईत हुतं. नोकरी जाईल म्हणून गप्प बसले."

उदयसिंहांना तो उंबरा आठवला. चाळीस वर्षांच्या नोकरीत दारात ओरडून त्यांनी किती जणांना आधीच चोर ठरवलं असेल, कुणास ठाऊक.

अण्णासोंनी फोन लावला. प्रसेनजीतनं सगळं ऐकलं, निशाला फोन द्यायला सांगितला आणि लायब्ररी कशी तयार करायची ते एकेक पायरी शांतपणे समजावलं. तासाभरात प्रोग्रॅम नीट चालू लागला.

अण्णासोंनी फोन परत घेतला. "चुकलं माझं. परत ये बाबा."

"ज्ञानूदादाचा हात बरा हाय का?"

"डॉक्टर म्हणत्यात, बोटं वळायची न्हाईत."



"मग मी येऊन काय करू, साहेब?" प्रसेनजीत म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.