कुंपणाजवळचे पासष्ट डेसिबल

चौकाच्या चारी बाजूंना मिळून अडतीस गाड्या, सगळ्यांची तोंडं मधल्या वाद्यमंडपाकडे. हिरवळीवर घडीच्या खुर्च्या एकशे त्रेसष्ट, सतरंज्या बारा, कुत्री पाच, चाकांची खुर्ची एक. मंडपात वादक अठरा, त्यांतले चौदा सत्तरीच्या पुढचे. लिबी ह्रुश्काने वहीत आकडे मांडले, शेजारी वेळ लिहिली — सात पंधरा — आणि मान वर केली, तर उत्तरेच्या कुंपणाशी एक अनोळखी तरुण उभा. त्याच्यापुढे तिपाई, आणि तिपाईच्या टोकावर संत्र्याएवढा काळा स्पंजचा गोळा.

ह्याला कोणत्या रकान्यात घालावं ते तिला कळेना. ती सरळ त्याच्याकडे गेली.

"फोटो काढायचा असेल तर समोरून काढा. इथून बॅन्डमास्तर व्होंड्रांची नुसती पाठ दिसते. आणि पाठ त्यांची काही खास नाही."

"हा कॅमेरा नाही," तो म्हणाला. "कान आहे."

"कुणाचा?"

"कौंटीचा."

तो हसला, पण लगेच सावरला... जणू हसणं कामात बसत नव्हतं. उन्हाने रापलेली मान, शर्टाची एक बाही कोपरापर्यंत दुमडलेली, दुसरी विसरलेली. नाव टोबिन रीस, काम आवाज मोजणं. कुंपणापलीकडच्या घरात वसंतात राहायला आलेल्या मिस्टर ब्रांटनी तक्रार केली होती. नियम सोपा होता. कुंपणाजवळ कोणत्याही एका मिनिटाची सरासरी पासष्ट डेसिबलच्या वर जाता कामा नये. लागोपाठ तीन गुरुवार गेली, तर बागेत वाजवायची परवानगी रद्द.

"एकाहत्तर उन्हाळे आम्ही इथे वाजवतोय," लिबी म्हणाली.

"त्यातलं मी काही मोजलेलं नाही. मी आजचं मोजणार."

"मोजा की. पोल्काची धून कुणाच्या बापाला ऐकत नाही."

त्या संध्याकाळी पावणेनऊला त्याने तिला आकडा दाखवला. सर्वांत मोठं मिनिट — सहासष्ट पूर्णांक दोन.

*

लिबीने रसायनशास्त्रात पदवी घेतली होती आणि एका उन्हाळ्यापुरतं म्हणून ती लिपोव्हला परत आली होती. तो उन्हाळा संपता संपता तिसरा आला. जून ते ऑगस्ट दर गुरुवारी वादक जमवायचे, खुर्च्या लावायच्या, वीज बघायची, माणसं मोजायची — हे सगळं तिच्याकडे. गावात तेवढं एकच असं होतं, की जे मक्याच्या भावावर, पावसावर, शाळेत मुलं किती उरली ह्यावर अवलंबून नव्हतं. गुरुवार आला की पोल्का होणारच. आता ते बंद पडलं, तर तिच्या हातात असताना पडणार होतं. पुढची पन्नास वर्षं लोक सांगणार, "ती ह्रुश्कांची मुलगी होती ना, शिकलेली... तिच्या वेळेस बंद झालं."

दुसऱ्या गुरुवारी तिने ध्वनिवर्धकांचा आवाज दोन घरं खाली आणला. ट्यूबा — बॅन्डमधलं सर्वांत मोठं पितळी वाद्य — मागच्या कोपऱ्यात बसवला. बॅन्डमास्तर व्होंड्रांना — चाळीस वर्षं बेकरी चालवून निवृत्त झालेला, तापट माणूस — हात जोडून सांगितलं, जरा हळू.

"हळू?" ते म्हणाले. "मार्च हळू वाजवायचा? मग त्याला अंगाई म्हण की!"

पण वाजवलं बिचाऱ्यांनी हळू. लिबी कुंपणाशी जाऊन उभी राहिली. हातात कोलाचेचं ताट, जर्दाळूचा मुरंबा घातलेले गोल गोड पाव, अजून कोमट.

"घ्या."

"नाही घेता येत." टोबिनची नजर मात्र ताटावरून हलेना. "नियम आहे. तपासणी चालू असताना इथलं काही घ्यायचं नाही. पाण्याचा पेलासुद्धा नाही."

"आणि संपल्यावर?"

"तिन्ही गुरुवार संपल्यावर... मग हरकत नाही."

"तोपर्यंत शिळे होतील."

"कोलाचे?" त्याने विचारलं, आणि तिच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं. मग घाईघाईने तिपाईचा स्क्रू घट्ट केला. तो आधीच घट्ट होता.

लिबीने त्याच्या देखत एक कोलाचे खाल्लं, सावकाश, बोटं चाटून. मंडपात वॉल्ट्झ सुरू झाला. वारा मक्याच्या शेतांवरून येत होता, तिचे केस तोंडावर उडवत होता आणि टोबिन यंत्राकडे बघतोय असं भासवत होता. तिच्या मनात आलं — बटण एकच तर आहे. हा माणूस चांगला आहे. आपण विचारलं, तर... कदाचित...

तिने विचारलं नाही. पण तो तिच्याकडे बघतच म्हणाला, "नका विचारू. तुम्ही विचारलंत तर मला नाही म्हणावं लागेल, आणि मला तुम्हाला नाही म्हणायचं नाहीये."

तिचे कान तापले. पावणेनऊ झाले. त्याने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला.

"सदुसष्ट पूर्णांक नऊ."

"वाढला?" तिला खरंच वाटेना. "अहो, निम्म्यावर आणलाय आवाज!"

टोबिनने तिपाई मिटली. काही बोलावं की बोलू नये असं त्याचं चाललेलं दिसत होतं. शेवटी गाडीकडे जाता जाता तो थांबला.

"प्रत्येक मिनिटाची यादी आमच्या ऑफिसात असते. कुणालाही मागता येते," तो म्हणाला. "कुणालाही."

*

यादी सोमवारी आली. नव्वद मिनिटं, नव्वद आकडे, दोन गुरुवारांचे मिळून एकशे ऐंशी. लिबीने नगरपालिकेच्या टेबलावर शेजारी आपली वही उघडली. कोणतं गाणं किती वाजून किती मिनिटांनी सुरू झालं, किती वाजता संपलं, हे ती मिनिटासकट लिहून ठेवत असे. तिने पेन्सिलीने आकडे गाण्यांपुढे मांडायला सुरुवात केली.

मार्चच्या धुनेचं सर्वांत जोराचं मिनिट, पहिल्या गुरुवारी — चौसष्ट पूर्णांक एक. म्हणजे आत. पोल्का, एकसष्ट. वॉल्ट्झ, अठ्ठावन्न. पासष्टच्या वरची मिनिटं एकूण अकरा. तिने ती वहीत शोधली. सात एकेचाळीस. आठ बारा. आठ तीस.

आठ बाराला बॅन्ड वाजतच नव्हता. व्होंड्रा चष्मा पुसत होते, तेही तिने लिहून ठेवलं होतं. त्याच्यापुढे तिच्याच अक्षरात एक शब्द होता — "टाळ्या".

लिबीने पेन्सिल खाली ठेवली.

लिपोव्हमध्ये टाळ्या हातांनी वाजत नाहीत. ज्यांचे गुडघे गेलेत, ज्यांना हिरवळीवर बसवत नाही, ते चौकाभोवती गाडीतच बसून ऐकतात, आणि गाणं संपलं की हॉर्न वाजवतात. तिच्या आजोबांच्या वेळेपासून वाजवतात. तिला तो आवाज इतका अंगवळणी पडला होता की तो आवाज आहे हेच ती विसरली होती. गावात कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आणि दुसऱ्या गुरुवारी बॅन्ड हळू वाजला, तेव्हा गाड्यांतल्या म्हाताऱ्यांना वाटलं की मंडपातले म्हातारे थकले. मग त्यांना हुरूप यावा म्हणून दुप्पट हॉर्न!

तिने फोन लावला.

"तुम्हाला माहीत होतं!"

"मला वाटलं, तुम्हालाही माहीत असणार," टोबिन म्हणाला. "दुसऱ्यांदा तुम्ही ट्यूबा हलवलात, तेव्हा कळलं की नाहीये."

"मग सांगायचंत ना!"

"कारण सांगायला मला पाठवत नाहीत. आकडा सांगायला पाठवतात. यादी मागा म्हटलं... तेवढंच बसत होतं. तेही ओढूनताणून."

*

तिसऱ्या गुरुवारी लिबी साडेसहापासून गाडीगाडीपाशी वाकत होती. आज हॉर्न नको. त्याऐवजी दिवे लावा-विझवा. बहुतेकांनी कुरकुर करून मान्य केलं. पूर्वेच्या बाजूला निळ्या लांबलचक गाडीत मिसेस पोकॉर्नी होत्या, वय अठ्ठ्याऐंशी, बोटं संधिवाताने वाकडी झालेली.

"ह्या हातांनी टाळी वाजते का बघ," त्या म्हणाल्या. "एवढा एक हॉर्न दाबता येतो मला. तोही नको म्हणतेस?"

"आजच्या दिवस, मिसेस पोकॉर्नी."

"दिवे लावून बॅटरी उतरली तर?"

"मी ढकलेन."

"एकटी?" त्यांनी कुंपणाकडे हनुवटी उडवली. "का तो मोजणारा पोरगा येईल मदतीला? तीन आठवडे तू तिकडेच बघतेयस. मी गाडीत बसते, आंधळी नाही झाले."

त्या हसल्या, पण हॉर्न दाबणार नाही असं काही म्हणाल्या नाहीत.

व्होंड्रांनी तिला बजावलं होतं, "आज पूर्ण वाजवणार. बंदच पडायचं असेल, तर मार्च मार्चसारखा वाजून पडू दे." तिने हो म्हटलं. चौसष्ट पूर्णांक एक. वर शिल्लक शून्य पूर्णांक नऊ. तेवढ्या जागेत अख्खा गाव बसवायचा होता.

कुंपणाशी आज दोन खुर्च्या होत्या. यंत्राजवळ खुद्द मिस्टर ब्रांट बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून, बारीक चणीचे, चाळीस वर्षं रात्रपाळी केलेले गृहस्थ. टोबिन दहा पावलं लांब उभा होता, हात पाठीमागे.

"लांब का?" लिबीने विचारलं.

"आज यंत्राला हात लावायचा नाही असं ठरवलंय. सुरू त्यांनी केलं, बंद तेच करतील."

"का?"

"नंतर सांगतो."

पहिलं गाणं संपलं. चौकात एकदम अशी शांतता पडली की झेंड्याची दोरी खांबावर आपटलेली ऐकू आली. वादक गोंधळून एकमेकांकडे बघू लागले. एकाहत्तर वर्षांत त्यांना असं कुणी ऐकवलं नव्हतं... काहीच न ऐकवणं. मग पश्चिमेकडे एका ट्रकचे दिवे लागले. विझले. मग दुसऱ्याचे. ऊन अजून होतं, दिवे फिकट दिसत होते, पण दिसत होते. व्होंड्रांनी टोपी काढून वाकून नमस्कार केला.

आठ वाजून चार मिनिटांनी मार्च ऐन जोरात असताना दक्षिणेकडून एक हॉर्न वाजला — परगावची गाडी, पार्किंगसाठी फिरत असलेली, तिला कोण सांगणार! एकदाच वाजला, आखूड. पण अठरा वादकांपैकी तिघांनी सूर चुकवला आणि दीडशे माणसांनी एकाच वेळी कुंपणाकडे माना वळवल्या. मिस्टर ब्रांटनी यंत्राकडे पाहिलं आणि चेहऱ्यावरची रेषही हलवली नाही. लिबी धावत त्या गाडीपाशी गेली.

शेवटचा वॉल्ट्झ सुरू झाला तेव्हा अंधारून आलं होतं. हा मिसेस पोकॉर्नींचा. त्यांच्या लग्नात वाजला होता. लिबी लांबून निळ्या गाडीच्या काचेकडे बघत राहिली. वाकड्या बोटांचा हात हॉर्नवर ठेवलेला. शेवटचा सूर आला, लांबला, विरला. हात तसाच. एक सेकंद... दोन... मग तो हात सरकला, चाचपडला, आणि निळ्या गाडीचे दिवे लागले. आणि पाठोपाठ चारी बाजूंनी, अडतीसच्या अडतीस, लखलख, मंडपाच्या पांढऱ्या खांबांवर सावल्या इकडून तिकडे धावू लागल्या.

"बंद करा, मिस्टर ब्रांट," टोबिन म्हणाला. "आकडा काढायला यंत्राला दोन मिनिटं लागतात."

ब्रांटनी बटण दाबलं. लिबी कुंपणाला टेकली. टोबिन जवळ आला.

"आज सकाळी ऑफिसला पत्र दिलं," तो हळूच म्हणाला. "पुढच्या वेळेपासून इथे दुसरं कुणीतरी येईल. मला इथलं मोजायला पाठवू नका म्हटलं."

"का पण?"

"कारण मी सोमवारपासूनच गुरुवारची वाट बघायला लागतो. असा माणूस मोजायला बरा नाही. आकडा यायच्या आत सांगायचं होतं. नंतर सांगितलं असतं तर... तुला वाटलं असतं, आकड्यामुळे बोलतोय."

'तुला' दोघांनीही ऐकलं, आणि कुणीच दुरुस्त केलं नाही.

"आणि वर गेला असला तर?" ती म्हणाली. "मी रागावेन. खूप रागावेन. तुझ्यावरच."

"रागाव. पण समोर बसून रागाव. कॉफी माझ्याकडून."

"तीन गुरुवारांत तू सहा वेळा माझ्याकडे पाहिलंस. मी मोजलंय."

"अकरा," तो म्हणाला. "पाच वेळा तू मंडपाकडे बघत होतीस."

तिने हात पुढे केला. त्याने तो धरला — बोटं गार होती, तिचीही, त्याचीही — आणि सोडला नाही. नियम अजून एक मिनिट शिल्लक होता.

"मी बहिरा नाही," मिस्टर ब्रांट खुर्चीवरून म्हणाले. "मला सगळं ऐकू येतं. म्हणून तर तक्रार केली."

लिबी हसली, आणि हसता हसता तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय. लोक सतरंज्या झटकायचे थांबले होते. व्होंड्रा क्लॅरिनेट छातीशी धरून मंडपाच्या पायरीवर उभे होते. यंत्राने बारीक आवाज केला. ब्रांटनी खिशातून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला, आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं.

"सर्वांत मोठं मिनिट, आठ वाजून चार. चौसष्ट पूर्णांक सात."