रूदाने धरलेली दांडी

ही घडलेली गोष्ट आहे. खोटी वाटली तर चेस्का त्रेबोवा या रेल्वेच्या गावी जाऊन कुणालाही विचारा. सांगताना माणसं आजही छातीवर क्रूसाची खूण करतात.

मृतात्म्यांचा दिवस. नोव्हेंबरची धुकट दुपार. सगळं गाव शेवंती आणि मेणबत्त्या घेऊन दफनभूमीकडे निघालेलं.

लुबोर तेवढा मॉडेल रेल्वेच्या क्लबात बसला होता. देवाधर्माचं त्याला वावडंच.

समोर ओल्डाने बनवलेलं वाफेचं इंजिन. तळहातावर मावेल एवढं. ओल्डा खऱ्या इंजिनाचा ड्रायव्हर, नुकताच वारलेला. इंजिनाची पायरी आणि दिवा निखळला, म्हणून त्याची बायको व्लास्ता ते घेऊन आली होती.

"हा काय जोडाचा डाख झाला?" लुबोर भिंगातून बघत म्हणाला. "पावावर लोणी थापल्यासारखा! आणि वहिनी, ही चढताना धरायची दांडी तर पार वाकलीय."

"तिला हात नका लावू, भाऊजी. ह्यांच्या इंजिनात कोळसा टाकणारा फायरमन रूदा पायरीवरून घसरला, तेव्हा खऱ्या इंजिनावर हीच दांडी धरून लोंबकळला होता. दांडी वाकली... आणि तो चाकाखाली गेला. ह्यांनी मुद्दाम तशीच घडवली. म्हणायचे, इथे तरी त्याचा हात सुटू नये."

"कारखान्याच्या नकाशात ती सरळ आहे! प्रदर्शनात लोक मला हसतील. रडायचं तर तिकडे जाऊन रडा."

बिचारी दफनभूमीकडे निघून गेली.

लुबोरने चिमट्याने पायरी बसवली. दिवा बसवला. दांडी सरळ केली.

टिक्...

दांडी पुन्हा वाकली.

"भिकार तार! ओल्डा, मेल्या, जन्मभर कंजूषच राहिलास." त्याने ती पुन्हा सरळ केली.

टिक्...

या वेळी डोळ्यांदेखत. हळूहळू... खालून कुणी भार द्यावा तशी.

दुसरा कुणी देवाचं नाव घेऊन उठला असता. पण लुबोरची मिजास! त्याने पितळी दांडी कापून फेकली आणि पोलादी तार ठोकून बसवली.

आता टिक् नाही. दूरवर दफनभूमीची घंटा वाजत होती... तीही ऐकू येईना.

"बघ, जमलं की नाही?" तो छद्मी हसला.

आणि त्याच्या उजव्या हातात एक हात आला.

पूर्ण वाढलेल्या माणसाचा. खरखरीत. गार. सगळा भार टाकून लोंबकळणारा...

लुबोर गुडघ्यांवर आला. खाली फक्त फरशी होती.

संध्याकाळी व्लास्तासकट सगळे क्लबात परतले, तेव्हा तो तसाच होता. खांदा खाली ओढलेला, मूठ गच्च आवळलेली.

"वहिनी, जुनी दांडी लावा हो..."

"कापून टाकलीत ना, भाऊजी," ती फरशीवरचा पितळी तुकडा उचलून म्हणाली. "आता तुम्ही तरी सोडू नका."

डॉक्टर म्हणतात, शीर आखडलीय.

असेल.

पण हल्ली लुबोर चर्चला येतो. प्रार्थनेत शेजाऱ्याच्या हातात हात देऊन शांती चिंतायची वेळ आली, की तो डावा हात पुढे करतो.

"उजवा रिकामा नाही," म्हणतो.