थेट विमान, साडेनऊ तास

दार ढकलून तो आत आला, तेव्हा त्याच्या पाठीवरची माणसाएवढी काळी पेटी तिच्या टेबलावरच्या पेनांच्या डब्यावर आदळली. खाली वाकून पेनं गोळा करता करता त्यानं समुद्रापलीकडच्या एका शहराचं नाव घेतलं. "विमानानं किती वेळ लागतो हो?"

"सात हजार शंभर किलोमीटर. थेट विमानानं साडेनऊ तास." तिकिटं काढून देण्यात तिची सहा वर्षं गेली होती, अंतरं तोंडपाठ होती.

"आणि या पेटीतल्या चेलोला?"

"तेवढेच. फक्त शेजारची सीट घ्यावी लागेल. खिडकी कुणाला... त्याला की तुम्हाला?"

तो हसला, आणि तिथंच तिची पंचाईत झाली.

तो वाद्यं दुरुस्त करायचा. चेलोचं काम संपायला तीन आठवडे होते, तरी दर दोन दिवसांनी काहीतरी विचारायला यायचा. त्याच्या बोटांना व्हार्निशचा वास असायचा. तो आला की शेजारच्या कॅशियरबाई खोकायच्या.

"घसा धरलाय का?"

"नाही गं. तुझे कान लाल झालेत, तेवढंच सांगत होते."

मग एक दिवस त्यानं फोनवर फोटो दाखवला. "चेलो हिचा. म्हणते, दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवू नकोस, तूच घेऊन ये."

डोळे मिटून वाजवणारी ती बाई सुंदर होती. राग यावा इतकी सुंदर.

"छान आहे," ती म्हणाली. "चेलो."

"पुढच्या बुधवारचं तिकीट काढाल?"

"थेट विमान... बंद झालंय." तिच्या तोंडून निघूनच गेलं. "आता दोनदा बदलावं लागतं. तेवीस तास."

तिला वाटलं, तो बेत रद्द करेल. त्याचा नुसता चेहरा उतरला. "दोनदा चढ-उतार... सांधा नवा आहे, लाकूड तडकायला नको. पण तिचा कार्यक्रम अडलाय. काढा."

तिची बोटं थांबली. आपलं पोट दुखतंय, त्यात त्या बिचाऱ्या लाकडाचा काय दोष?

"थेट विमान आहे," ती म्हणाली. "मी खोटं बोलले."

"का?"

"ती तुम्हाला अरे-तुरे करते... म्हणून."

कॅशियरबाई पाणी आणायच्या निमित्तानं उठल्या. तो हळूच खुर्चीत बसला.

"मी तिच्यासाठी चार वर्षं झुरलो," तो म्हणाला. "तिला फक्त माझं काम आवडायचं."

"आणि आता?"

"आता चेलो धड पोचवायचाय, आणि परत यायचंय." तो थबकला. "तुम्हाला सुट्टी कधी असते?"

"रविवारी."

"मग शनिवारी इथं उतरेन असं बघा."

तिनं पडद्यावर तारखा पाहिल्या. "म्हणजे तिथं दोन दिवस मिळतात."

"कमी पडतील?"

"एक पुरला असता," ती म्हणाली, आणि शनिवारचं तिकीट काढलं.