तळ नसलेला पृष्ठभाग

फिजीतल्या सुवा शहरात, आमच्या विद्यापीठात बहुचल कलनाच्या शिकवणी तासाला त्या वर्षी तेवीस मुलं होती. मंगळवारी दुपारी दोनची वेळ, दमट खोली, पंखा नुसताच घरघरणारा. मी त्यांची गणितं तपासत असे. सातव्या आठवड्यातला तिसरा प्रश्न अगदी सोपा होता. एक पृष्ठभाग दिला होता, खोगिरासारखा. त्याला सर्वांत खालचा बिंदू नाही हे दाखवायचं होतं. उताराच्या दिशेनं पाऊल टाकत राहा, कायम खालीच जाल.

बावीस जणांनी तसंच लिहिलं. किरिबास बेटांवरून आलेल्या कारोतूनं मात्र उत्तर काढलं होतं: तळ, उणे चारशे बारा.

"हे कुठून आणलंस?"

"उतरत गेले, मिस. तिथं थांबलं."

"तळाशी माझा चष्मा दिसला का गं?" मागून सेमिसी ओरडला. "लगूनच्या पाण्यात पडलाय!"

सगळे हसले. कारोतू हसली नाही.

मी तिची ओळ न् ओळ तपासली. चूक सापडेना. विषयाचे प्राध्यापक डॉ. मोआला यांच्याकडे कागद नेला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि पालथा ठेवला.

"चूक आहे. आपल्याला दिसत नाहीये इतकंच. अर्धे गुण दे."

"पण सर..."

"अर्धे दे, आलिसी."

गुरुवारी कॅन्टीनमध्ये ती एकटीच बसली होती. समोरचा उकडलेला कसावा तसाच. मी शेजारी बसले. तिचा भाऊ बाउरो मार्चमध्ये मासेमारीला गेला, तो परतला नव्हता. आई त्याच्यासाठी प्रार्थना करू देत नव्हती. प्रार्थना केली म्हणजे तो गेला असं होईल, म्हणायची.

"इतर गणितं मीच करते, मिस," कारोतू म्हणाली. "त्या एका गणितात पुढचा आकडा मला खालून कळतो."

"झोप नीट होत नाही तुझी. परीक्षेत तिसऱ्यासारखा प्रश्न आला तर सोडून दे. बाकीच्यांवर पास होशील. शिष्यवृत्ती टिकव आधी."

"बरं, मिस," ती म्हणाली.

परीक्षेत तो प्रश्न आलाच. तिनं बाकीचे सगळे सोडवले आणि मग तो घेतला. पर्यवेक्षक मीच होते. घंटा झाली तेव्हा तिच्या शेवटच्या पानावर एकतीस ओळी होत्या. शेवटची उणे चारशे बारा. पेन ठेवताना तिचे ओठ निळसर दिसले. बाहेर ऊन रणरणत होतं.

ती चांगल्या गुणांनी पास झाली आणि डिसेंबरात घरी गेली. बाराव्या दिवशी तिनं काकांची होडी एकटीनं बाहेर काढली. होडी सापडली. वल्ही आत नीट, शेजारी शेजारी ठेवलेली होती.

जानेवारीत तिच्या आईचं पत्र आलं. लेकीच्या हातचं शेवटचं जे काही असेल, त्याची प्रत पाठवा. मी उत्तरपत्रिकांचं कपाट उघडलं. किल्ली दोनच जणांकडे असते, डॉ. मोआला आणि मी, आणि सर नाताळपासून टोंगात होते.

शेवटच्या पानावर छत्तीस ओळी होत्या.

मी पुन्हा मोजल्या.

बत्तिसावी ओळ उणे तीनशे नव्वद. तेहेतिसावी उणे तीनशे सत्तर. आकडे वर येत होते.

मी सरांना फोन केला.

"गणित बरोबर आहे का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मग पाठवू नकोस."

मी त्या माउलीला खोटं लिहिलं. उत्तरपत्रिका नष्ट केल्या, म्हणून कळवलं. त्याची लाज वाटते.

तेव्हापासून रोज सकाळी कपाट उघडते. नव्या ओळींत दोन हस्ताक्षरं आहेत, एकाआड एक. एक कारोतूचं, बारीक आणि सरळ. दुसरं मी कधीच पाहिलेलं नाही. जड हाताचं, कागदात रुतलेलं.

आज शेवटची ओळ उणे तीन आहे. पानावर एकच ओळ लिहायला जागा उरली आहे.