अडाणी खुर्ची

ऐक, मधे एक शब्द बोलू नकोस, नुसतं ऐक. सोनटेकचा डोंगर चार दिवसांनी वाहणार होता. पडणार नाही हं, वाहणार! त्या काळात डोंगरांची तशी वेळच काढता यायची. तिला म्हणायचे 'वाहघडी'. म्हणजे कसं, कायमचं घट्ट असं काही नसतंच. मातीचे, दगडाचे कण एकमेकांना धरून बसलेत, तोवर तो डोंगर. धरलेले हात सुटले की तोच डोंगर पातळ पिठासारखा चालायला लागतो. हात कधी सुटणार, ते जमिनीत पुरलेली यंत्रं मिनिटापर्यंत सांगायची. आणि या डोंगराच्या पायथ्याला सोनटेक शहर, चाळीस हजार माणसं!

मग संशोधन केंद्रात तातडीचं चर्चासत्र लागलं. सगळे मोठेमोठे लोक, आणि पहिल्या रांगेत मधोमध एक लाकडी खुर्ची. कागदोपत्री तिचं नाव 'नागरिक आसन', पण म्हणायचे सगळे अडाणी खुर्ची. नियम असा, की त्या विषयातलं काहीही न शिकलेलं एक माणूस तिच्यावर बसणार, आणि ते स्वतःच्या तोंडाने 'कळलं' म्हणेपर्यंत कुठलाही प्रयोग केंद्राबाहेर जाणार नाही. माणूस चिठ्ठी टाकून निवडायचे. त्या वेळी चिठ्ठी निघालेली शेवंता वाघमोडेची. वीटभट्टीवाली. पंचवीस वर्षं चिखल तुडवलेली बाई. आणि तिची एकुलती एक लेक, रेवती, राहायची सोनटेकमध्येच.

केंद्राचे प्रमुख डॉक्टर निमकर, त्यांनी फळ्यावर डोंगर काढला. "शेवंताबाई, सोपं आहे. आम्ही खडकात खोलवर कंप सोडतो. त्याने डोंगरातला ताण दुसरीकडे वळतो. म्हणून यंत्राचं नाव ताणवळव. दोन तासांत सोनटेक सुरक्षित."

"वळून जातो कुठं?"

"आजूबाजूच्या खडकात विरून जातो."

"विरून?" शेवंताला हसूच आलं. "सर, साच्यात चिखल जास्त कोंबला ना, तर तो विरत नाही. ज्या कोपऱ्याला फट असेल तिथून भस्सकन बाहेर येतो. तुमची फट कुठाय?"

निमकरांनी फळ्यावरच्या डोंगरामागे एक ठिपका काढला.

"कोंढाळ," ते म्हणाले. "पलीकडच्या डोंगराच्या पायथ्याची वाडी. साठ माणसं. त्यांना आधी हलवू, ट्रक उभे आहेत. एकही माणूस दगावणार नाही."

"आणि वाडी?"

"वाडी राहणार नाही. घरं, शेतं, झरा, सगळं त्या डोंगराखाली जाईल."

"त्यांना विचारलंत?"

"वेळ कुठाय, बाई? चाळीस हजार चार दिवसांत हलत नाहीत. दवाखाने आहेत, अंथरुणाला खिळलेले आहेत. साठ हलतात. तुमची मुलगी तिथंच आहे ना? मग म्हणा ना, कळलं!"

आता गंमत बघ, तिला अगदी शेवटपर्यंत सगळं कळलं होतं! रेवतीचं घर कुठल्या गल्लीत, तिथे डोंगर किती मिनिटांत पोचेल, तेसुद्धा. पण खुर्चीचे हात घट्ट धरून ती म्हणाली, "नाही कळलं."

"अहो, काय नाही कळलं?"

"काहीच नाही. मी ढ आहे. माझ्या जागी कोंढाळचं माणूस बसवा. त्याला कळतंय का बघू."

नियमात तशी सोय होती. खुर्ची दुसऱ्याला देता यायची, फक्त आजवर कुणी दिली नव्हती. निमकर संतापले, ओरडले, "चाळीस हजार जीव तुमच्या डोक्यावर!" म्हणाले. तरी ही उठली ती थेट भट्टीचा टेम्पो घेऊन कोंढाळला. दुसऱ्या दिवशी सकाळी भागाबाईंना घेऊन हजर. साठीच्या बाई, पायात चप्पल नाही, खुर्चीत मांडीच घालून बसल्या.

दहा मिनिटांत त्यांना सगळं कळलं. मग त्यांनी विचारलं, "यंत्र लावलंच नाही तर? तुमचा डोंगर जाऊन आमचा राहील?"

"राहील," निमकर पुटपुटले.

"म्हणजे डोंगर काही वाचत नाही. कोणाचा घालवायचा, तेवढं तुम्ही ठरवता. पुढच्या साली कुणाचा?"

"यादी आहे," निमकर म्हणाले. इतक्या हळू, की मागच्यांना ऐकूच गेलं नाही.

भागाबाई शेवंताकडे वळल्या. "बाई, मला तुम्ही आणलंत. तुमची लेक तिकडं. तुम्हीच सांगा, मी काय म्हणू?"

"ते मी कोण सांगणार?" शेवंता उठली. "सर, अजून एक खुर्ची आणा."

"नियमात एकच आहे!"

"मग नियमात दोन करा!"

तिने स्वतःच मागची एक खुर्ची फरफटत आणली आणि भागाबाईंच्या समोर ठेवली. तिथूनच फोन लावला. "रेवे, आत्ताच्या आत्ता इकडं ये. नाही गं, पळून नाही यायचं. इथं बसून या मावशींच्या तोंडाकडं बघायचं आणि सांगायचं, तुमची वाडी आम्हाला द्या. तुला सांगता आलं, तर मग मावशी काय ते बोलतील."

रेवती दुपारी आली. बसली. दोघींचे गुडघे एकमेकींना लागत होते. भागाबाईंनी आपल्या बाटलीतलं पाणी तिला दिलं. त्यांच्याच झऱ्याचं. रेवती ते प्यायली. भिंतीवर आकडा होता, एकाहत्तर तास. निमकर दारात उभे.

रेवतीने तोंड उघडलं.

आता बोल तू. तिच्या जागी तू काय केलं असतंस?