पाळण्यातल्या मुठी

थापा वाटतील. वाटू देत.

पण गेल्या वर्षी, १९५७ च्या नागपंचमीला, पनवेलात वडाळे तळ्याजवळ भर दुपारी हे घडलं. दिनानाथ माझे सख्खे काका.

काकांना दोनच वेडं. जुनी नाणी आणि चौदा वर्षांनी नवसाने झालेलं पोर.

उरणच्या अब्दुल्लाभाई खलाशांनी त्यांना तुर्कस्तानातून एक काशाचं नाणं आणून दिलं. त्यावर नागडं बाळ, दोन्ही मुठींत एकेक साप.

"ग्रीकांचा वीर, हर्क्युलिस. पाळण्यातच साप आवळून मारले यानं. दोन हजार वर्षांचा माल आहे, दिनानाथ. कसम से, जपा."

"अगंबाई, हा तर बाळकृष्ण!" चंद्रावतीकाकू म्हणाली.

तिने नाणं चिंचेने लख्ख घासलं, सोनाराकडून भोक पाडलं आणि काळ्या दोऱ्यात ओवून पोराच्या गळ्यात बांधलं.

काका दोन दिवस जेवले नाहीत. भोकाच्या दुःखाने.

नागपंचमीला काकू नेहमीसारखी अंबाड्यावर अबोलीची वेणी माळून वारुळाला दूध-लाह्या वाहायला गेली. परतली तर...

पाळणा हलत होता.

झोका द्यायला कोणी नव्हतं.

पोर हसत होतं. मुठीत नाग. मेलेला.

"आजच्या दिवशी नाग मारला!" शेजारच्या शांतीमावशी किंचाळल्या. "आता सुतक पाळायचं की पेढे वाटायचे?"

पेढे वाटले.

काकांनी नाणं पाहिलं... बाळाची एक मूठ रिकामी.

"चिंचेनं झिजलं," ते पुटपुटले.

दुसऱ्या दुपारी दुसरा साप.

नाण्यावरची दुसरी मूठही रिकामी.

काकांनी दोरा कापायला कात्री आणली. पोराने असा टाहो फोडला की काकूने कात्रीच हिसकावली.

"अहो, साप संपले ना? मग आता भ्यायचं कशाला?"

तिसऱ्या दुपारी ती पोराला कुशीत घेऊन लवंडली. काका ओटीवर होते.

बांगड्या वाजल्या...

थांबल्या.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. गळ्यावरचे इवलेसे वळ त्यांनी पाहिले आणि पदराने झाकले.

स्मशानातून परतल्यावर काकांनी पोराच्या गळ्यातलं नाणं पाहिलं.

एका मुठीत काहीतरी होतं. साप नव्हता.

अंबाडा. अबोलीच्या वेणीसकट.

दुसरी मूठ... रिकामी.

काका मागे सरले, तसं पोर रांगत आलं. दोन्ही हात वर केले.

"बाबा."

पहिलाच शब्द. शांतीमावशींनी डोळ्यांना पदर लावला.

"उचला हो, भावजी. त्याला आता तुमच्याशिवाय आहे कोण?"

तरी काकांनी उचललं. बापच शेवटी.

पोराने लाडाने गळ्यात हात टाकले...

हल्ली ते आमच्याकडे असतं. गुणी आहे. रडत नाही.

आईने आज त्याचं अंथरूण माझ्याशेजारी घातलंय.

त्याच्या गळ्यातल्या नाण्यावरच्या मुठी मी अजून पाहिलेल्या नाहीत.